गाडीवाटेवरची रेघ

उताराचा माझा पहिला नकाशा तयार झाला तेव्हा अख्खा बीड जिल्हा उभा कडा झाला होता. गेवराई-माजलगावची गोदाकाठची सपाट काळी रानंसुद्धा 89 अंशांची. तो नकाशा खरा मानला असता, तर गेवराईत कापूस वेचायला बायांना कमरेला दोर बांधून उतरावं लागलं असतं.

चूक माझी होती. उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अक्षांश-रेखांशांच्या अंशांत, अशी विसंगत मापं मी संगणकाला दिली होती. तो बिचारा मीटरला अंशाने भागत बसला. सगळी माहिती यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या 43व्या पट्ट्यात बसवली, तसा गोदाकाठ पुन्हा आडवा झाला. मी भूगोल शिकवतो. हा प्रसंग वर्गात सांगायला मला दोन वर्षं लागली.

ही उठाठेव 2019च्या उन्हाळ्यातली. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, जनावरं चारा छावणीत होती आणि पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावाला टँकर येत होता. ऊसतोडीला गेलेली माणसं कोयता घेऊन परतली होती. तिकडे अंबाजोगाई तालुक्यात 2016मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाल्यापासून श्रमदान हा शब्द जिल्हाभर रुळला होता. गावातल्या पोरांनी ठरवलं, आपल्या माळावर सलग समतल चर खणायचे. चर कुठे, बांध कुठे, हे उताराच्या टक्क्यांवर ठरतं. म्हणून मला फोन आला, “सर, तुमच्या कॉम्प्युटरवर माळ दिसतो का?”

दिसतो. फुकट दिसतो. फेब्रुवारी 2000मध्ये अमेरिकेचं एन्डेव्हर यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याच्या पोटात एक रडार आणि 60 मीटर लांब दांडीच्या टोकाला दुसरं. माणसाला दोन डोळ्यांमुळे खोली कळते, तशी त्या दोन रडारांमुळे जमिनीची उंची कळली. आपल्या इस्रोनेही 2005मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1च्या जोडचित्रांवरून असंच काम केलं आणि ते ‘भुवन’ संकेतस्थळावर ठेवलं. दोन्हींत जमिनीची साधारण 30 मीटरची चौकोनी घरं पाडलेली असतात आणि प्रत्येक घराला उंचीचा एकच आकडा. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं, तर जवळजवळ नऊ गुंठ्यांना एक आकडा. त्या घरात ताल असो, विहीर असो, बाभूळ असो, आकडा एकच. शिवाय यानाने पाहिलेला माळ 2000 सालचा. त्यानंतर खडीसाठी फोडलेली आमची टेकडी माझ्या पडद्यावर अजून धडधाकट उभी होती. ती पाहून मला थोडं बरंच वाटलं.

उताराचा नकाशा कामाचा असतो, पण त्यात जीव नसतो. जीव येतो छायांकित नकाशात. संगणक उंचीवर खोटं ऊन टाकतो, वायव्येकडून, म्हणजे बीडला सूर्य सहसा नसतो तिथून. ते दक्षिणेकडून टाकलं तर डोळा फसतो, डोंगर खड्ड्यासारखे दिसू लागतात. तर त्या खोट्या उन्हात बालाघाट उजळला आणि मी रात्री दोनपर्यंत उठलो नाही. ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ हे आम्ही सोयरिकीत वापरतो ते शब्द तिथे चक्क दिसत होते. मांजरसुंब्याचा घाट म्हणजे पठाराच्या दातेरी कडेतली एक फट. एकावर एक थापलेले लाव्ह्याचे थर, टणक थराची पायरी, मऊ थराचा उतार, वर भाकरीसारखे सपाट माथे. लहानपणी गुरांमागे ज्या पायऱ्या उतरलो, त्या ज्वालामुखीने घडवल्या आहेत हे मी पुस्तकात वाचून शिकवत होतो. आपल्याच माळावर त्या मोजता येतील, हे मात्र सुचलं नव्हतं.

मग पाणी सोडलं, म्हणजे संगणकात. प्रत्येक घरातलं पाणी शेजारच्या आठ घरांपैकी सगळ्यांत तीव्र उतार असेल तिकडे जातं, एवढाच नियम. घराघराचं पाणी पुढे मिळत जातं आणि ओघळी, ओढे, नद्या आपोआप उमटतात. पाटोदा तालुका तेव्हा मला पहिल्यांदा कळला. गवळवाडीजवळ उगवणारी मांजरा पूर्वेला निघते आणि सातशेहून अधिक किलोमीटर फिरून तेलंगणात गोदावरीला भेटते. सिंदफणाही याच डोंगरातली, पण ती उत्तरेला उतरून जिल्ह्यातच, मंजरथला गोदावरी गाठते. आणि सौताड्याच्या कड्यावरून पडणारं पाणी जामखेडकडे, तिथून सीनेत, सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत. एका तालुक्यातला पाऊस गोदावरी आणि कृष्णा यांच्यात वाटला जातो. ज्या तालुक्यातून एवढं पाणी चहूकडे निघतं, त्याच्या वाट्याला टँकर का, याचं अर्धं उत्तर त्या नकाशात आहे. आम्ही माथ्यावर बसलोय.

या दोन खोऱ्यांना विभागणारी रेघ आमच्या गावातूनच जाते. मारुतीच्या देवळापाशी येऊन ती जुन्या गाडीवाटेने माळावर चढते. मी नकाशा छापून वडिलांपुढे, आण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही तर गाडीवाट. हिच्यात एक तरी ओढा आडवा येतो का? पावसाळ्यात बाकी वाटांवर गाड्या रुतायच्या, हिच्यावर कधीच नाही.” खरंच. ज्या वाटेला एकही ओढा छेदत नाही, ती पाणलोटाच्या माथ्यावरूनच गेलेली असणार. वाट पाडणाऱ्यांनी मला नियम समजावला, तोही मी उत्तर काढून झाल्यावर. मग आण्णांनी विचारलं, “पण रेघ देवळाच्या अलीकडून का पलीकडून?” देऊळ अख्खं एका घरात मावत होतं. मी म्हटलं, “तेवढं बारीक नाही कळत.” ते काही बोलले नाहीत.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण कौतुक झालं की माणूस चेकाळतो. मी त्याच आकड्यांवरून एकेक मीटरच्या समोच्च रेषा काढल्या, मोबाइलवर घेतल्या आणि पोरांना चुन्याने आखून दिल्या. मूळ आकडे पूर्ण मीटरचे आणि 30 मीटरला एक. त्यातून वीतभर चढउतार कुठून येणार? रेषा दिसायला मात्र सुबक होत्या. साठेक मीटर चर खणून झाला. पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी चराच्या एका टोकाला धावलं. ते टोक हातभर खाली होतं. भराव फुटला आणि खालच्या उडदातून ओघळ पडली. रान तात्यांचं. सकाळी ते दारात आले, ओरडले नाहीत. “मास्तर, तुमच्या नकाशातलं पाणी माझ्या उडदात आलंय. बघायला चला.”

गेलो. ओघळ बुजवायला आम्हाला चार दिवस लागले. उडीद गेला तो गेला.

पुढच्या उन्हाळ्यात रेषा आखल्या त्या पाण्याच्या नळीने. दोन पट्ट्या, मध्ये पारदर्शक नळी, दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी येईपर्यंत माणूस पुढेमागे सरकतो. याला हायड्रोमार्कर म्हणतात. पोरींनी अर्ध्या दिवसात सगळा उतार आखला. त्यांच्या रेषा माझ्या रेषांपेक्षा वेड्यावाकड्या होत्या आणि चर मात्र टोकापासून टोकापर्यंत सारखा भरला. मी नकाशा फाडला नाही. कोणत्या माळाला आधी हात घालायचा, कुठला उतार चरांचा आणि कुठला नुसत्या गवताचा, ओढ्याला पाणी किती रानातून येतं, हे तोच सांगतो. पण आता मी चराची जागा पट्ट्याने दाखवतो. रेघ नळीवाल्यांची.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी आण्णांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज होता. “मी देवळात उभा आहे,” ते म्हणाले. “पुढच्या वळचणीचं पाणी मांजरेकडे चाललंय आणि मागच्या वळचणीचंही. मागे पिंपळापर्यंत तसंच आहे. पिंपळापलीकडे मात्र वळतं.”

रात्री मी नकाशात रेघ एक घर पश्चिमेला सरकवली.