आजीच्या डब्यातले अकरा रुपये

अण्णा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक दोन वर्षं तशीच पडून होती. कुलूप नव्हतं, पण कुणी उघडलीही नाही. या दिवाळीत जेऊरला गेले तेव्हा एका दुपारी बसले उघडून. वरती शाळेची हजेरीपत्रकं, त्याखाली पिवळी पडलेली पेन्शनची कागदपत्रं, आणि अगदी तळाशी कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला एक नकाशा.

(जेऊर म्हटलं की पुण्यात लोक विचारतात, "नगरजवळचं ना?" नाही हो. अक्कलकोट तालुक्यातही एक जेऊर आहे, तेही नाही. आमचं करमाळा तालुक्यातलं, सोलापूरच्या गाडीला दौंड आणि कुर्डुवाडीच्या मधे लागतं ते. बहुतेक लोक तिथे झोपलेले असतात.)

अण्णा भूगोल शिकवायचे, त्यामुळे नकाशा सापडण्यात नवल नव्हतं. नवल वाटलं ते त्या नकाशाचं. कोपऱ्यात क्रमांक ४७ एन, प्रमाण एका इंचाला चार मैल. १८ ते १९ अक्षांश, ७५ ते ७६ रेखांश. म्हणजे एक अंश लांब, एक अंश रुंद असा पृथ्वीचा एक चौकोनी तुकडा, आणि त्यात आमचं जेऊर, करमाळा, कुर्डुवाडी, बार्शी, पलीकडे परंडा, वर खर्डा. आमचे सगळे नातेवाईक या एका कागदावर मावतात!

या नकाशात उजनीचं पाणी नाही. भीमा आपली एक बारीक निळी रेघ. ज्या गावांच्या नावाने आमच्याकडे अजून सोयरिकी सांगतात, आणि जी आता पाण्याखाली आहेत, ती सगळी काठावर नांदती आहेत. दिकसाळकडून येणारी जुनी रेल्वेही जुन्याच वाटेने येते. ती १८५९ मध्ये इथून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत पोचली. पुढे धरणामुळे रूळ हलवावे लागले. पण उजनीवर लिहायला बसले तर वेगळाच लेख होईल. असो.

माझी नजर अडकली ती सीनेवर. सीना नदीच्या अंगाअंगाने एक तुटक रेघ जाते. अलीकडे मुंबई इलाखा, पलीकडे हैदराबाद संस्थान. मी फूटपट्टी लावली. जेऊर आणि परंडा जवळजवळ एकाच अक्षांशावर, अंतर साधारण साडेचार इंच. आजीचं माहेर त्या रेघेच्या पलीकडे, नदीला लागूनच. लहानपणी कुणी आजीला "मोगलाईतली" म्हटलं की मला वाटायचं, तिच्या मसालेदार कालवणामुळे म्हणत असतील. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, हे फार उशिरा कळलं. बिचाऱ्या आजीने साडेचार इंचांचं सासर-माहेर केलं आणि जन्मभर परमुलखातली ठरली.

मग मी वाचत सुटले. ही रेघ तिथे आली कशी?

परंडा आज एसटी स्टँड आणि किल्ल्याचं गाव. पण १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं ते इथेच. काही काळ परंडा चक्क राजधानी होती. विजापूरला गेलात तर जी अजस्र मुलुखमैदान तोफ बघता, तीही आधी परंड्याच्या किल्ल्यावर होती. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली, आणि १६३२ मध्ये विजापूरला नेलेली. पंचावन्न टनांचं हे धूड ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. वाटेत भीमा आली असणारच. ती कशी ओलांडली असेल याचा विचार मी आमच्या एसटीत बसून बराच वेळ केला.

१६३६ मध्ये शहाजहान आणि आदिलशहाने निजामशाही वाटून घेतली, तेव्हा परंडा विजापूरकडे गेलं. १६६० मध्ये ते मोगलांकडे आलं. १७२४ नंतर निजाम. आणि निजामाच्या जोडीला मराठे! १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली होती, म्हणजे शेकडा पंचवीस आणि वर शेकडा दहा. त्यामुळे एकाच गावात दोघांचा वसूल. याला दुअंमल म्हणत. पाटलाने एका कमाविसदाराला हिशेब दाखवला की दुसरा दारात उभा. करमाळ्याची कमलाभवानी आमच्या घरातल्या सगळ्यांची देवी. तिचं देऊळ बांधणारे रावरंभा निंबाळकर निजामाचेच सरदार. तेव्हा इथे सरहद्द म्हणजे रेघ नव्हतीच. एकात एक मिसळलेले दोन अंमल होते.

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. तहात परंड्यापासून थेट तापीपर्यंतचा पट्टा आणि दौलताबाद लिहून घेतलं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या राजकारणात ते बहुतेक सगळं परतही गेलं. आम्हाला शाळेत खर्ड्याचा विजय शिकवला, परत देणं शिकवलं नाही. अण्णांनीही नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८२२ मध्ये कंपनी सरकार आणि निजामाने तह करून एकमेकांच्या हद्दीत अडकलेले मुलूख बदलून घेतले, आणि दुअंमलाचा गुंता सुटून कागदावर रेघ आली. नदी आयतीच होती.

रेघ आली म्हटल्यावर तिच्याबरोबर सगळंच आलं. पलीकडे करोडगिरीचा नाका, मालावर जकात. पलीकडची पोस्टाची तिकिटं वेगळी, कचेरीची भाषा उर्दू, आणि नाणं हाली. हाली रुपयावर चारमिनार. आपल्याकडचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब आमच्या आबांना झोपेतही यायचा, कारण स्टेशनजवळ त्यांचं भुसार मालाचं छोटं दुकान होतं आणि अर्धं गिऱ्हाईक नदीपलीकडचं.

आता मूळ मुद्द्यावर येते. इतका वेळ टाळत होते.

आमच्या घरातल्या सगळ्यांना आजीचे हाली रुपये माहीत आहेत. अकरा चांदीचे रुपये, हिंगाच्या डब्यात ठेवलेले. "आजीला माहेरहून मिळालेले" असंच आपण सगळे सांगत आलो. आजीचं १९४८ सालही सगळ्यांना माहीत आहे. रझाकारांची दहशत वाढली तेव्हा उन्हाळ्यात, नदीला पाणी नसताना, तिची आई आणि धाकटा भाऊ रातोरात बैलगाडीने वाळू तुडवत अलीकडे आले आणि चार महिने जेऊरच्या घरात मागच्या खोलीत राहिले. ही गोष्ट आजी रंगवून सांगायची. गाडीच्या चाकाला वंगण म्हणून घरातलं तेल कसं ओतलं, आवाज नको म्हणून बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा कशा काढल्या, वगैरे.

त्या चार महिन्यांत तिच्या माहेरचं घर आणि गुरं कुणी सांभाळली, हे मात्र ती सांगत नसे. मी एकदा विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "शेजारचे चाचा होते की."

पुढचं तिने मला एकदाच सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात होते, लाइट गेले होते, ओसरीवर आम्ही दोघीच. १३ सप्टेंबरला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. पोलीस ॲक्शन. आजीची आई आणि भाऊ आनंदाने परत गेले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी चाचा, त्यांची बायको, सून आणि दोन लेकरं जेऊरच्या दारात उभी. आता नदीला पाणी होतं. गूळ आटवायच्या काहिलीत बसून ओलांडली म्हणे. आमच्याकडे काहिलीचा असाही उपयोग होतो.

चाचांनी आधी गुरांचा हिशेब दिला. तांबडी व्याली, गोऱ्हा झाला, कडबा अमुक पेंढ्या उरलाय, सगळं तुझ्या आईच्या हवाली करून आलो. मग म्हणाले, रात्रीपुरतं पडू द्या, सकाळच्या गाडीने मुंबईला जातो, तिथे पाव्हणे आहेत.

आबा नाही म्हणाले.

गावात बोलणी चालू होती, पलीकडून कुणी "तसले" आले तर ठेवून घेऊ नका. आबा घाबरले होते. आजी म्हणाली, "त्येंचं बी बरोबर हुतं गं." आणि लगेच, "न्हाई, बरोबर न्हवतं." चाचांकडे पैसे होते ते हाली, आणि स्टेशनच्या खिडकीवर हाली चालत नव्हते. आबांनी अकरा हाली घेतले आणि अकरा कलदार मोजून दिले. सातास सहा नाही, रुपयाला रुपया. भाकरी बांधून दिल्या. ती माणसं स्टेशनावर झोपली. आजी पहाटे तांब्यात दूध घेऊन गेली तर गाडी निघून गेली होती.

दमडीचा हिशेब ठेवणाऱ्या आबांनी ते अकरा रुपये कधी मोडले नाहीत. हाली पुढे काही वर्षं चालत होते, परंड्याचा व्यापारी आनंदाने घेऊन गेला असता. आबा डबा उघडतही नसत, असं आजी म्हणाली.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. अण्णांना माहीत होतं की नाही, कळायला मार्ग नाही. नकाशावर आजीच्या माहेरच्या गावाभोवती पेन्सिलीचं एक बारीक वर्तुळ आहे, एवढंच. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल लिहिला होता. तो बरीच वर्षं लोकांसमोर नव्हता, २०१३ च्या सुमारास वाचायला मिळू लागला. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांना सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत त्याने उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं नाव घेतलंय. परंडा त्यातच येतं. तो वाचला तेव्हा मला तांब्यातलं दूध आठवलं.

काका, तुम्हाला हे वाचून राग येईल हे माहीत आहे. आबांना वाईट म्हणायला मी बसलेली नाही. माझं लेकरू मांडीवर आणि दारात जमाव येण्याची भीती, अशा वेळी मी काय केलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही. पण ते रुपये माहेरचे नाहीत. निदान आपण तरी तसं सांगू नये.

दिवाळीनंतर आवाटीवरून परंड्याला गेले. सीनेवर कोळेगावचं धरण झालंय, त्यामुळे जिथे ती तुटक रेघ होती तिथे पुष्कळ ठिकाणी आता नुसतं पाणी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली तेव्हाच सरहद्द गेली, उरली ती जिल्ह्याची हद्द. एसटीतल्या बाईंना विचारलं, मोगलाई कुठून लागते? त्या हसल्या. म्हणाल्या, "आमची सासू म्हणायची तसं."

आजीच्या गावात मामेकाकांकडे जेवले. चाचांचं घर कुठलं, कुणालाच धड सांगता आलं नाही. एका म्हाताऱ्यांनी पिठाच्या गिरणीकडे बोट केलं. दुसरे म्हणाले, तिथे नाही, ते मागे. नावही कुणाला आठवत नव्हतं, चाचाच. ते परत आले नाहीत एवढं दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मुंबईत कुठे उतरले, तेही कुणाला माहीत नाही.

आत्या, तुझ्याकडे पाच रुपये आहेत, माझ्याकडे तीन. उरलेले तीन बहुतेक धाकट्या काकूंकडे. एकदा मोजून सांगा. मोडीत घालू नका.