चमचाभर औषध आणि पाच प्रश्न

तुम्हाला ताप आला की घरातलं कोणीतरी कपाटातून बाटली काढतं, चमचा भरतं आणि म्हणतं, "हं, आ कर!" तुम्ही डोळे मिटून औषध गिळता. देणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. आणि मी तर शाळेतली बाई, दिवसभर प्रश्न विचारणारी! पण एका रात्री माझ्या भाचीनं मला धडा शिकवला. तीच गोष्ट आज सांगते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचं घर आहे. पावसाळ्याचे दिवस होते. माझा चार वर्षांचा मुलगा संध्याकाळपासून तापानं फणफणला होता. सासूबाई त्याच्या उशाशी बसल्या होत्या. मी वह्या तपासून उठले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. येताना आणलेली नवी बाटली उघडली, स्वयंपाकघरातला चमचा काठोकाठ भरला.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची सुट्टीत आमच्याकडे आली होती. तिनं माझा हात धरला.

"मावशी, थांब. याचं वजन किती?"

"चौदा किलो. पण चमचाभर औषधाला वजन कशाला गं?"

"आणि याआधी कोणी काही दिलं का?"

सासूबाई म्हणाल्या, "मी देलं ना माय, आठ वाजता. पण ते दुसरं होतं, जुन्या बाटलीतलं."

भाचीनं दोन्ही बाटल्या दिव्याखाली धरल्या. वरची मोठी नावं वेगळी होती. पण खाली बारीक अक्षरात दोन्हींवर एकच नाव, पॅरासिटामॉल! जुन्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध होतं, नव्या बाटलीत २५०. म्हणजे चमचा तोच, औषध दुप्पट.

मग तिनं मला गणित घातलं. लहान मुलांना हे औषध एका वेळी, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम देतात. चौदा किलोला किती? १४० ते २१०. दोन वेळांत निदान चार तासांचं अंतर हवं आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही. मी मात्र तासाभरातच आधीच्या १२५ वर आणखी २५० देणार होते!

"तापाचं औषध म्हणजे साधंच ना गं?" मी विचारलं.

"साधंच. पण जास्त झालं तर यकृताला इजा करतं. आणि मावशी, घरातले चमचे लहानमोठे असतात. बाटलीसोबतच्या मापानंच मोजायचं."

माझे हातपाय गार पडले. तो चमचा ओतून टाकला. लेकराला थोडं थोडं पाणी पाजलं, अंगावरची जाड चादर काढली आणि सकाळीच डॉक्टरांना दाखवलं. दोन दिवसांत स्वारी अंगणात उड्या मारू लागली.

त्या रात्री भाचीनं आपली वही दाखवली. नर्सला माहीत असावीच लागतात अशी कितीतरी औषधं त्यात होती. जुलाब लागले की ओआरएस; पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवायची आणि ते पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचं, उरलं तर फेकायचं. मधुमेहाला इन्सुलिन, ते कातडीखाली टोचतात, पण जास्त झालं तर रक्तातली साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाळंत झालेल्या आईचा रक्तस्राव वाढू नये म्हणून ऑक्सिटोसिन. एखाद्याला औषधाची किंवा मधमाशीच्या डंखाची भयंकर ॲलर्जी होऊन श्वास अडकला, तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन.

आणि वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं पाच प्रश्न लिहिले होते. रुग्ण तोच आहे ना? औषध तेच ना? मात्रा बरोबर? देण्याचा मार्ग बरोबर, म्हणजे तोंडानं, कातडीखाली, स्नायूत की शिरेत? आणि वेळ? पाचही उत्तरं "हो" आली तरच हात पुढे करायचा.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे सेवाग्रामला गेलो. तिथं आश्रमात परचुरे कुटी आहे. कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री तिथं राहत आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करत. तेव्हा हा रोग हमखास बरा करणारं औषध नव्हतं. आज आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं मिळून उपचार सुचवला आणि देशात तो सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत पोचला, त्यांत आपला वर्धा होता. भाची म्हणाली, "त्याचं पाकीट २८ दिवसांचं असतं, मावशी. महिन्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या, बाकीच्या रोज घरी. सहा महिने किंवा वर्षभर, एकही दिवस न चुकवता." म्हणजे औषध सापडलं तरी काम संपत नाही. ते वेळच्या वेळी पोटात जातं की नाही हे पाहणारं माणूस लागतंच.

आता शाळेत जंतनाशक दिन आला की मी हजेरीपट घेऊन बसते. नाव विचारते. "आज बरं आहे ना? ताप नाही ना?" असं विचारते. अल्बेंडाझोलची गोळी माझ्यासमोर चावून खायला लावते. पोरं हसतात, "बाई, रोज प्रश्न, आजपण प्रश्न!" हसू देत.

आमच्या कपाटाच्या दारावर आता एक कागद डकवलेला आहे. औषध कोणाला, कोणतं, किती आणि किती वाजता दिलं, हे देणाऱ्यानं लगेच लिहायचं. सासूबाईंना लिहिता येत नाही, त्या माझ्या लेकीकडून लिहून घेतात.

तुम्ही स्वतःच्या मनानं कधीही औषध घेऊ नका हं! पण तुमच्या घरी असा एक कागद तुम्ही नक्की लावू शकता. आणि पुढच्या वेळी कोणी "आ कर" म्हणालं, तर आधी हळूच विचारा, "आई, याआधी कोणी दिलं होतं का गं?"