कलमाची करामत

कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे हापूसचे रोप आणि कलम म्हणजे कराराची अट. या तिसऱ्या कलमाने अमेरिकेत विमानातल्या खुर्च्या उपटल्या!

अमेरिकन, डेल्टा, युनायटेड या बड्या कंपन्या लहान शहरांच्या पुष्कळ फेऱ्या छोट्या कंपन्यांकडून करवून घेतात. विमानावर नाव थोरलीचे, वैमानिक धाकटीचा, पगारही धाकटाच. आपले काम असेच झिरपून जाईल, या धास्तीने थोरलीच्या वैमानिक संघटनांनी करारात लिहून घेतले : अशा जेट विमानात खुर्च्या फार तर ७६, उड्डाणाचे वजन फार तर ८६,००० पौंड, शिवाय पन्नासांहून मोठी विमाने मोजकीच.

मग २०१९ साली युनायटेडने काय करावे? सत्तर खुर्च्यांच्या सीआरजे-७०० मध्ये पन्नासच ठेवल्या आणि उरल्या जागेत सामानाची कपाटे व फराळाचा ओटा मांडला. बारसेही केले : सीआरजे-५५०. एंब्राएरचे ई१७५-ई२ इंधन कमी पिते. पण नव्या इंजिनांनी अंग भरले आणि बिचारे वजनाच्या अटीत अडले.

मला काही या संघटनांचा राग येत नाही. स्वतःची खुर्ची धोक्यात आली, की माणूस दुसऱ्याच्या खुर्च्या मोजणारच. गंमत धाकटीच्या वैमानिकाची. त्याचा डोळा थोरलीच्या नोकरीवर. ती मिळाली, की त्याच कलमाला तोही पाणी घालू लागतो.