नोंदवहीतील रिकामा रकाना

माणसाला आपल्या आजोबांचे नाव ठाऊक असते, पणजोबांचे बहुधा ठाऊक असते; त्यापलीकडे मात्र बहुतेक घरांत अंधारच असतो. ज्यांचे पूर्वज समुद्र ओलांडून परदेशी गेले, त्यांच्या घरी हा अंधार एक पिढी आधीच सुरू होतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी एक उन्हाळा पाहुणे धर्मगुरू म्हणून घालविण्याचा योग आम्हांला आला. तेथे स्लोव्हेनियन वंशाच्या कॅथलिक कुटुंबांचा सहवास घडला आणि पूर्वजांचा शोध ही केवळ हौशी माणसांची करमणूक नव्हे, हे आम्हांला उमगले.

स्लोव्हेनिया हा आल्प्स पर्वताच्या कुशीतील, सुमारे वीस लाख वस्तीचा, कॅथलिक परंपरेचा छोटा देश. १९१८ पर्यंत तो ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सम्राटांच्या अमलाखाली होता, त्यानंतर युगोस्लाव्हियाचा भाग झाला आणि १९९१ साली स्वतंत्र झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील शेतकऱ्यांवर कठीण काळ आला. वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे झाले होते, डोक्यावर कर्ज होते आणि त्यातच फायलोक्सेरा नावाच्या किडीने दक्षिणेकडील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. तरुण मुले अमेरिकेची वाट धरू लागली. कोणी मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणीत उतरले, कोणी मिशिगनच्या तांब्याच्या खाणीत, तर कोणी क्लीव्हलंडच्या पोलाद कारखान्यांत भट्टीपुढे उभे राहिले.

हे लोक जेथे गेले तेथे त्यांनी आपली मंदिरे उभारली. क्लीव्हलंडमध्ये १८९३ साली संत व्हायटस यांच्या नावाने त्यांचा धर्मग्राम स्थापन झाला. खाणीत माणूस दगावला तर त्याच्या विधवेला आधार मिळावा, म्हणून १८९४ साली जोलिएट गावी स्लोव्हेनियन कॅथलिकांनी वर्गणीवर चालणारी आपली परस्पर साहाय्यक संस्था काढली. या मजुरांच्याही कितीतरी आधी त्यांचा एक धर्मगुरू त्या देशी पोहोचला होता. फ्रेडरिक बारागा यांनी १८३० साली मायदेश सोडला आणि उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात मूळच्या ओजिब्वे लोकांमध्ये आयुष्य वेचले. पुढे ते तेथील बिशप झाले. ओजिब्वे भाषेचे व्याकरण त्यांनी १८५० साली आणि शब्दकोश १८५३ साली प्रसिद्ध केला. परक्या लोकांची भाषा अशी जिव्हाळ्याने जतन करणाऱ्या या धर्मगुरूच्या देशबांधवांची नातवंडे मात्र आपल्याच आजीची भाषा विसरली. शाळेत इंग्रजी, कारखान्यात इंग्रजी, लग्ने इतर समाजांत. भाषा कोणी हिरावून घेतली नाही, ती घरातून हळूहळू निघून गेली. नाताळाला आणि पास्काच्या सणाला अक्रोडाचे सारण भरलेली 'पोतित्सा' तेवढी मागे उरली.

अशा नातवंडांपैकी कोणी पूर्वजांचा शोध घेऊ लागला की पहिलीच अडचण नावांची येते. जुन्या कागदांवर आजोबांचा देश 'ऑस्ट्रिया' असा लिहिलेला असतो. ल्युब्ल्याना शहराचे नाव 'लायबाख' असे, तर नोवो मेस्तो गावाचे 'रुडोल्फ्सवेर्ट' असे जर्मन भाषेत आढळते. माणसाचेही तसेच. जो गावात यानेझ, तो लॅटिन वहीत योआन्नेस, जर्मन वहीत योहान आणि अमेरिकेत जॉन! त्यातच आडनावाखेरीज प्रत्येक घराला स्वतःचे एक नाव असते. मुलगा नसलेल्या घरी जावई नांदायला आला, तर कागदोपत्री आडनाव बदलते; पण गाव त्याला सासऱ्याच्या घराच्या नावानेच ओळखते. हे घराचे नाव ज्याच्या आजीने सांगून ठेवले, त्याला अर्धी वाट सापडली असे समजावे.

उरलेली अर्धी वाट दाखवितात त्या आपल्या ख्रिस्तसभेच्या नोंदवह्या. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदी आणि घरोघरच्या श्रद्धावंतांची यादी यांचीही त्यात भर घातली. पुढे १७८४ साली सम्राट दुसरा जोसेफ याने जन्म, विवाह व मृत्यू यांसाठी वेगवेगळ्या, रकाने आखलेल्या, घरक्रमांकासह भरावयाच्या वह्या सक्तीच्या केल्या. राज्ये बदलली, सीमा बदलल्या. परंतु धर्मगुरूने टाकाने लिहिलेली ती ओळ राहिली. आता ल्युब्ल्याना व मारिबोर येथील धर्मप्रांतांच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे संगणकावर घरबसल्या पाहता येतात.

क्लीव्हलंडच्या आमच्या मुक्कामात एक निवृत्त शिक्षिका असेच एक छायाचित्र कागदावर उतरवून घेऊन आल्या. घराण्याचा मेळावा जवळ आला होता. त्यासाठी वंशवृक्षाची पुस्तिका छापायची होती. "फादर, सेमिनरीत आपण लॅटिन शिकला असाल. माझ्या आजोबांची ही नोंद जरा वाचून दाखवाल का?" असे त्यांनी विचारले. साल १८८६. आजोबांचे नाव योसेफुस. जन्म आणि स्नानसंस्कार एकाच दिवशी. आईचे नाव, घरक्रमांक, ती एका भूमिहीन झोपडीवाल्याची मुलगी असल्याचा उल्लेख. पित्याचा रकाना रिकामा होता आणि शेजारच्या 'अनौरस' या रकान्यात एक उभी रेघ होती.

आम्ही जे होते ते वाचले. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. आपले वडील सैन्यात कामी आले, असे आजोबा आयुष्यभर सांगत आले होते. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या धाकट्या भावाला घेऊन आल्या. भावाचे म्हणणे सरळ होते. शंभर वर्षे ही गोष्ट झाकली गेली, ती आता नातवंडांपुढे कशाला उघडी करायची? आजोबांनी सांगितले तेच छापावे. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. आजोबांची लाज राखावी, एवढाच हेतू होता.

आम्ही त्यांना त्याच ओळीतील शेवटचा रकाना दाखविला. धर्मपिता गावचा लोहार, धर्ममाता त्याची पत्नी. मुलाला पित्याचे नाव नव्हते, तरी जन्मल्या दिवशीच त्याला उचलून मंदिरात नेणारे शेजारी होते. धर्मगुरूने त्याच वहीत, जमीनदाराच्या मुलाच्या ओळीखाली, त्याच अक्षरात त्याचे नाव लिहिले होते. मग आम्ही संत मत्तयच्या शुभवर्तमानाचे पहिले पान काढले. आपल्या प्रभूची वंशावळ देताना मत्तयने तामार वगळली नाही, राहाब वगळली नाही, परकी रूथ वगळली नाही आणि उरियाच्या पत्नीचा निर्देशही टाळला नाही. ज्या वंशावळीने तारणाऱ्याचा परिचय करून दिला तिने जे लपविले नाही, ते आपण का लपवावे? आणि आजोबांची लाज राखताना त्या झोपडीतील मुलीचे नाव आपण पुसत आहोत, याचे काय? एकटीने मूल वाढवून त्याला सातासमुद्रापार धाडणारी तीच तर या घराण्याची मूळ माता होती.

पुढे बाईंचे पत्र आले. पुस्तिकेत वंशवृक्षाच्या मुळाशी पणजीचे नाव छापले होते. आजोबा सांगत ती गोष्टही 'आजोबा असे सांगत असत' म्हणून खाली दिली होती. भावाची नाराजी गेली नव्हती. मेळाव्याला मात्र तो आला होता. यंदा पणजीच्या नावाने मिस्सा अर्पण केली, तिच्यासाठी घराण्यात झालेली ही पहिलीच मिस्सा, असे बाईंनी लिहिले होते.

वारसा जपणे म्हणजे थोरवीचे दाखले जमविणे, असा आपला समज असतो. पण पूर्वजांचे आपल्यावर ऋण असते ते ते जसे होते तसे आठवण्याचे. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो. ज्यांची नावेच आपण गाळली, त्यांच्यासाठी ती कोण करणार?

आज आपल्याही धर्मग्रामांतील मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखाती देशांत आहेत आणि दाखल्यांसाठी त्यांची पत्रे आमच्या कार्यालयात येत असतात. वहीत आम्हांला नाव आणि तारीख सापडते. परंतु घर कोणत्या आळीतले, गाव त्या घराला काय म्हणे, आजीचे माहेर कोणते, हे वही सांगत नाही. ते सांगणारी माणसे अजून आपल्या ओट्यांवर बसलेली आहेत. कादोडी वा वाडवळी बोलणारी आजी घरात असेल, तर तिच्याजवळ बसावे, तिचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. जुन्या छायाचित्रांतील माणसांची नावे तिला विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावीत. आणि सांगता सांगता ती एखाद्या नावापाशी थबकली, तर घाई न करता थांबावे. कारण बहुधा तेच नाव आजवर कोणी लिहिलेले नसते.