शेजारच्या आजोबांचं देणं

वायोमिंगमधल्या लॅरमी गावात मला आज जे काही आपलं वाटतं, त्यातलं बरंचसं शेजारच्या आजोबांनी दिलेलं आहे. विद्यापीठातल्या नोकरीसाठी आम्ही इथे आलो तेव्हा माणसं चांगलीच भेटली, पण ओळख अंगणापर्यंतची राहिली. आजोबांनी मात्र थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, पुढ्यात नकाशा पसरला आणि विचारलं, "तुझा फ्रीझर केवढा आहे?" आमची मुलं त्यांना आजोबा म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

शिकार म्हटलं की बार्शीकडच्या माणसाला संस्थानिक, मचाण आणि भिंतीवरची मुंडकी आठवतात. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे तो विषयच संपला. माळावरची काळविटं लांबून बघायची, एवढंच माझ्या पिढीला ठाऊक. आजोबांच्या घरी मुंडकं एकही नव्हतं. त्यांच्या लेखी शिकार म्हणजे घरातलं वर्षभराचं मांस, आणि त्याची आखणी थंडी ओसरायच्या आत सुरू व्हायची.

ही आखणी ते शेवटाकडून करत. एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातलं जनावर. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो. तो पडला की त्याचे चार पाय, पाठीचं मांस, सगळं पाठीवरून गाडीपर्यंत आणायचं असतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा वायोमिंगमध्ये गुन्हा आहे. म्हणून आजोबा आधी विचारत, मांस कुठून कुठपर्यंत वाहून आणता येईल? ते अंतर नकाशावर पेन्सिलीनं आखत आणि त्या रेषेपलीकडचं रान माझ्यासाठी नाही असं सांगून टाकत. पलीकडे कितीही देखणा कळप दिसो. मग वारा. डोंगरात पहाटेचा गार वारा उतारानं खाली येतो आणि ऊन तापलं की वर चढू लागतो. एल्कचं नाक तिखट, म्हणून सकाळी कुठल्या बाजूनं चढायचं आणि दुपारी कुठे थांबायचं हे नकाशावरच ठरे. प्राँगहॉर्नचं उलट. इथे सगळे त्याला अँटिलोप म्हणतात. ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे धावणारं हे जनावर उघड्या माळावर राहतं आणि नजरेच्या जोरावर जगतं. त्याच्यासाठी आजोबा घळी आणि ओहोळ शोधून ठेवत, कारण तिथूनच रांगत जाता येतं.

परवान्याचं प्रकरण वेगळंच. राज्याच्या गेम अँड फिश खात्यानं प्रत्येक जनावरासाठी राज्याचे क्रमांकवार विभाग पाडले आहेत. कुठल्या विभागात किती नर, किती माद्या मारायच्या हे दरवर्षी ठरतं, आणि बहुतेक चांगल्या विभागांसाठी सोडत निघते. अर्ज भरताना आजोबा मागच्या सोडतींचे आकडे चाळत आणि मादीचा परवाना घ्यायला सुचवत. मांस कोवळं, आणि कळपाची संख्या आटोक्यात ठेवायला खात्यालाही तेच हवं असतं. १ जानेवारी १९६६ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. त्या वर्गात माझं नाव त्यांनीच घातलं.

आमच्या पश्चिमेची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. रेल्वे टाकताना सरकारनं रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौरस मैल कंपनीला दिले, त्यामुळे एक चौकट सार्वजनिक आणि तिला लागून असलेली खासगी. आजोबा हे चौकोन रंगीत पेन्सिलींनी भरत. दोन सार्वजनिक चौकोन फक्त कोपऱ्याला टेकतात, तिथून या चौकोनातून त्या चौकोनात पाऊल टाकलं तर अतिक्रमण होतं का, हा इथला जुना वाद. २०२१मध्ये एल्क माउंटनवर मिझूरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी ते पाऊल टाकलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मार्च २०२५मध्ये अपील न्यायालयानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्या दिवशी आजोबांचा आनंदानं फोन आला. सार्वजनिक जमीन जनतेला वापरता आली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत, आणि माझंही तेच झालं आहे.

माझी पहिली प्राँगहॉर्न मादी पडली ती सकाळीच, ऊन चढत असताना. आजोबा म्हणाले, आता घाई करायची, ती इथेच. गुडघ्यांवर बसून त्यांनी पोटाच्या मध्यावर चामडीखाली दोन बोटं घातली, बोटांच्या मधे सुरीची धार वर करून ठेवली आणि आतड्याला धक्का न लावता वरपर्यंत चीर दिली. कातडं लगेच सोलायचं, कारण दाट पोकळ केसांखाली उष्णता कोंडून राहते आणि मांस उतरतं. पाय सुटे करून सुती पिशव्यांत भरले आणि सावलीला टांगले. चव बिघडते म्हणून लोक या मांसाला नावं ठेवतात, पण ती या पहिल्या तासावर ठरते. त्या रात्री बायकोनं काळ्या मसाल्यात केलेला रस्सा आजोबांनी दोनदा वाढून घेतला.

हरणाचं मात्र मन घट्ट करून करावं लागतं. आमच्या भागातल्या हरणांत आणि एल्कमध्ये मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग आहे. तो माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. आजोबा मानेतल्या गाठी काढून तपासणीला देत आणि अहवाल येईपर्यंत मांसाचं पुडकं वेगळ्या कप्प्यात ठेवत.

एकदा सूर्य मावळल्यावर एक मोठा नर आमच्यासमोर रानातून बाहेर आला. अंतर माझ्या आवाक्यातलं होतं. कायद्यानं सूर्यास्तानंतर अर्धा तास गोळी झाडता येते. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गोळी झाडण्यापुरता उजेड आहे, शोधण्यापुरता नाही." जखमी जनावर रात्री रानात हरवणं ही त्यांच्या लेखी सगळ्यांत वाईट गोष्ट. तो नर कितीतरी वेळ तसाच उभा होता. त्या संध्याकाळी आजोबांबद्दल मला जो आदर वाटला, तो पुढे वाढतच गेला.

आता ते मुलीकडे नेब्रास्कात राहायला गेले आहेत. वायोमिंगच्या नियमानं ते बाहेरचे झाले. जन्मभर इथल्या डोंगरांत वावरलेल्या या माणसाला आता संरक्षित वाइल्डरनेसमध्ये मोठी शिकार एकट्यानं करता येत नाही. व्यावसायिक गाईड तरी हवा, नाहीतर इथला रहिवासी सोबत हवा. रहिवाशाला त्यासाठीचा परवाना फुकट मिळतो, अट एवढीच की त्यानं पाहुण्याकडून मोबदला घ्यायचा नाही.

बाहेरच्यांचा एल्कचा अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच घेतात. आजोबांचा अर्ज मी जानेवारीतच भरून दिला. बाहेरच्यांना वर्षानुवर्षं साठवलेल्या पॉइंटांवर प्राधान्य मिळतं. यांच्या खात्यावर एकही नाही, त्यामुळे सगळी मदार उरलेल्या चौथ्या हिश्श्याच्या सोडतीवर आहे. नाव लागलं तर ऑक्टोबरात सॅव्हेज रनच्या वाइल्डरनेसमध्ये त्यांचा गाईड मी असेन. नाही लागलं तर उन्हाळ्यात त्यांच्या नावावर एक पॉइंट विकत घ्यायचा आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा अर्ज करायचा, असं आमचं फोनवर ठरलं आहे.