गाणारे मालक

जळोची, ता. बारामती

प्रिय मंदा,

पत्र पोचलं आणि ईराचं गाणंही ऐकलं. आवाज मोकळा आहे, सूर सच्चा आहे. तान अजून घशातच अडकते, पण त्याची घाई नको. शास्त्रीय गाणं आणि संगीत नाटक यांतच आयुष्य काढायचं आणि पुढे स्वतःची संस्था उभी करायची, असं ती म्हणते. यात पोट भरतं का, असं तू मला विचारलंस, कारण मी पायपेटीवर बसते आणि इथल्या पोरांना शिकवते. तेव्हा सविस्तरच लिहिते. तिला वाचून दाखव.

एकट्याचं पोट गाण्यावर भरू शकतं. संस्था नुसत्या गाण्यावर चालत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पैसा घालणारा निर्माता वेगळा, दिग्दर्शक वेगळा, वाद्यवृंद सांभाळणारा वेगळा. आपल्याकडे कंपनीचा मालक हाच बहुतेक वेळा मुख्य गवई. पदं त्यानंच म्हणायची, तालमीवर नजर त्याचीच, पंगतीला किती पानं बसणार हे त्यालाच बघायचं आणि सावकारापुढे उभंही त्यानंच राहायचं. अण्णासाहेब किर्लोस्करांचंच बघ. ते महसूल खात्यात नोकरीला होते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात त्यांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि 1885 मध्ये ते गेलेसुद्धा. जेमतेम पाच वर्षं मिळाली त्यांना. पण त्यांची किर्लोस्कर मंडळी त्यांच्या माघारी कित्येक वर्षं चालली, तिचे मुख्य गायक नट भाऊराव कोल्हटकर गेल्यावरही चालली. अण्णासाहेबांची थोरवी मी या माघारी टिकण्यातच मानते.

आता बालगंधर्व. त्यांच्या गाण्याबद्दल मी तुला काय सांगू! 1913 मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे भागीदार, तिघेही आपापल्या जागी मोठे. 'स्वयंवरा'ला चाली द्यायला भास्करबुवा बखले, तबल्याला अहमदजान थिरकवाँ. अशी माणसं एका कंपनीत पुन्हा कुठे जमली असतील असं मला वाटत नाही. पण टेंबे बाहेर पडले, मग बोडसही गेले, आणि खर्चाला आवर घालणारं कुणी उरलं नाही. शालू खरे भरजरी, अत्तरं उंची, पडदे नवे. प्रेक्षकांना उत्तम तेच द्यायचं हा त्यांचा धर्म होता आणि तो त्यांनी मनापासून पाळला. कर्जाचा डोंगर मात्र उभा राहिला. कलावंत म्हणून त्यांच्यापुढे मी कायम हात जोडीन. मालक म्हणून ईरानं त्यांचा कित्ता गिरवू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते.

कित्ता गिरवायचा तर केशवराव भोसल्यांचा. पोरवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेची भूमिका करून नाव मिळवलेला हा मुलगा. 1 जानेवारी 1908 ला हुबळीत त्यानं ललितकलादर्श काढली, तेव्हा वय पुरतं अठरासुद्धा नव्हतं. गळा तर होताच, पण माणसं ओळखायची नजर त्याहून मोठी. मामा वरेरकरांसारख्या नव्या लेखकाकडून हुंडा, धर्मांतर अशा जळत्या प्रश्नांवर नाटकं घेतली. नुसत्या पौराणिक कथांवर भागवलं नाही. 8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त 'मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकमेकांशी चढाओढ असलेल्या दोन कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले! तिकिटं शंभर रुपयांपर्यंत होती म्हणतात, त्या काळचे शंभर. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

इथं कंपनी मोडायला हवी होती. मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी 'सत्तेचे गुलाम' आणलं. 1937 मध्ये बापूराव गेले, तेव्हा मुलगा भालचंद्र सोळाच्या आत-बाहेर. त्यानं आधी वझेबुवांकडे गाणं पक्कं केलं आणि 1942 मध्ये 'सत्तेचे गुलाम'नंच ललितकलादर्श पुन्हा उभी केली. तेच आपले अण्णा पेंढारकर. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ', 'बावनखणी' ही सगळी त्यांच्या काळातली. तिसरी घंटा वेळेवर म्हणजे वेळेवर, अशी त्यांची शिस्त. शिवाय नाटकांचे प्रयोग ते स्वतः ध्वनिमुद्रित करून ठेवत. उद्या कुणाला लागेल, हा विचार ज्याच्या डोक्यात असतो त्यालाच मी नेता म्हणते.

बायकांचं लिहायचं राहिलंच. हिराबाई बडोदेकरांनी 1929 च्या सुमाराला नूतन संगीत नाटक मंडळी काढली. पुरुष स्त्रीपार्ट करत त्या काळात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. कंपनी बुडाली, आणि कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडलं. म्हणजे ख्यालगायनाची बैठक पक्की होती म्हणून त्या तरल्या. ईराला हे मुद्दाम सांग, नाट्यपदं गोड लागतात म्हणून ख्याल टाळू नकोस. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी 1949 मध्ये पुण्यात मराठी रंगभूमी ही संस्था काढली. त्यांची मुलगी कीर्ती त्या घरात, त्या तालमींतच वाढली आणि 2018 मध्ये मुलुंडच्या नाट्यसंमेलनाची अध्यक्ष झाली. ती 2022 मध्ये गेली. इतक्या तयारीची, सबंध नाटक गळ्यात घेऊन उभी राहणारी बाई आता मला समोर दिसत नाही आणि त्याचं फार वाईट वाटतं.

आमच्याकडचं विचारशील तर बारामतीत नाटकवेड आहे. गदिमांच्या नावाचं सभागृह आहे, पुण्या-मुंबईची नाटकं येतात. संगीत नाटक मात्र क्वचित. आम्ही रविवारी तालीम करतो. जळोचीच्या बाजारात भाजीचा लिलाव उरकून एक गडी येतो, अंगाला कोथिंबिरीचा वास तसाच असतो, तो आमचा तबलजी. परवा नांदी बसवत होतो. सूत्रधार करणाऱ्या पोराचा आवाज फुटतोय, काळी दोनमध्ये वरच्या षड्जाला चिरकायला लागला. बिचारा रडवेला झाला. मी पट्टी उतरवून पांढरी एक धरली, तर बरोबरच्या दोन मुलींचा खर्ज लागेना. शेवटी नांदीच्या ओळी वाटून दिल्या. वरच्या जागा मुलींनी घ्यायच्या, खालच्या त्यानं. तासभर त्यातच गेला, पण पोराची मान वर झाली. संस्था चालवायची म्हणजे असे तास रोज द्यायचे. प्रयोग झाल्यावर नाईटचे पैसे वाटायचे, आणि तेही आधी साथीदारांना, मग नटांना, उरलं तर आपल्याला. मागे एका ठेकेदारानं आमचा प्रयोग करून घेतला आणि पैसे दिलेच नाहीत. तेव्हापासून निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय मी पेटी गाडीत चढवत नाही.

ईरानं विशारद तिकडेच पूर्ण करावं, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा परदेशातही होतात. मग पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथं गाणं आणि नाटक दोन्ही शिकवतात, राहून शिकावं. त्याच्या जोडीला हिशेब लिहायला शिकावं, अगदी खतावणीपासून. आणि एखादी नाटकाची संस्था गाठून दोन-तीन वर्षं पडद्यामागे काढावीत, पदं म्हणायला मिळाली नाहीत तरी. इकडे आली तर कोल्हापूरला मी स्वतः नेईन. तिथलं केशवराव भोसल्यांच्या नावाचं नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, 8 ऑगस्ट 2024 ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळालं. ते पुन्हा उभं करण्याचं काम हाती घेतलंय.

आणि तुझ्याकडे एक मागणं. तुमच्या तिकडच्या मराठी मंडळात जुन्या नाट्यप्रयोगांच्या कॅसेटी कुणाच्या ना कुणाच्या कपाटात पडून असतील. त्या टाकू देऊ नकोस. संगणकावर उतरवून घ्या आणि प्रत्येकीवर गाव, तारीख, आणि गाणाऱ्याच्या नावाबरोबर ऑर्गन कुणी वाजवला, तबल्याला कोण होतं, हेही लिहा. ही नावं सांगणारे लोक ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम याच हिवाळ्यात कर.

तुझी,
शालन