हिंदनगरचे रखवालदार : कोरिया, १९५३-५४

१/ सप्टेंबर १९५३. कोरियातील एका तारकुंपणाआड चिनी युद्धकैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवले होते. बाहेर सशस्त्र भारतीय जवान उभे होते. गोळीबार करावा, तर कैद्यांसोबत मेजरचाही जीव जाण्याचा धोका. निर्णय घ्यायचा होता कोल्हापूरच्या मेजर जनरल शंकरराव थोरातांनी.

२/ भारतीय सैन्य तिथे का होते? २७ जुलै १९५३ रोजी कोरियात शस्त्रसंधी झाला. त्यापूर्वीच्या वाटाघाटी एका प्रश्नावर दीर्घकाळ अडल्या होत्या : मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे? अखेर पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल थिमय्या. मात्र कैद्यांच्या रखवालीची जबाबदारी एकट्या भारतावर आली.

३/ दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे इंचॉन बंदरात आलेल्या हजारो जवानांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथील आपल्या छावणीला त्यांनी नाव दिले ‘हिंदनगर’.

४/ संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडून २२ हजारांहून अधिक कैदी ताब्यात आले, तर साम्यवादी बाजूकडून ३५९. कुंपणाआड कैद्यांच्या संघटनांची दहशत होती. ‘मला घरी जायचे आहे’ एवढे उच्चारणेही जिवावर बेतू शकत होते.

५/ थोरातांना युद्ध नवे नव्हते. १९४५ साली ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत ते आणि थिमय्या दोघेही आपापल्या पलटणींचे नेतृत्व करीत होते. दोघांनाही तिथे डीएसओ हे शौर्यपदक मिळाले. तेथे शत्रू समोर होता. इथे मात्र समोरचा माणूस शत्रूही नव्हता आणि मित्रही. थोरात निःशस्त्र आत गेले, कैद्यांशी बोलले आणि मेजरला सोडवून बाहेर आले. या धैर्याबद्दल त्यांना जे पदक मिळाले, ते आज कीर्तिचक्र म्हणून ओळखले जाते.

६/ पण इतिहास येथेच थांबवला, तर तो अर्धाच राहील. ऑक्टोबरच्या आरंभी भारतीय जवानांना गोळीबार करावा लागला आणि त्यात काही कैदी मृत्युमुखी पडले. दोन्ही घटना एकाच सैन्याच्या आणि एकाच शरद ऋतूतील आहेत. पहिली अभिमानाने सांगताना दुसरी गाळण्याची मुभा इतिहासाच्या अभ्यासकाला नाही.

७/ या काळाच्या आठवणी थोरातांनी ‘फ्रॉम रिव्हिली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात, तर थिमय्यांनी ‘एक्सपेरिमेंट इन न्यूट्रॅलिटी’मध्ये लिहिल्या. सेनानींच्या स्मृती अशा ग्रंथबद्ध झाल्या. कोरियाच्या थंडीत रात्रभर पहारा देणाऱ्या शिपायाच्या आठवणी मात्र बहुधा घरातल्या माणसांपुरत्याच उरल्या, आणि सांगणाऱ्याबरोबरच संपल्या. ज्यांच्या घरात अशी एखादी पिढी अजून बोलती आहे, त्यांनी आजच वही काढून बसावे.

८/ फेब्रुवारी १९५४. रखवालदार मायदेशी निघाले. त्याच सुमारास ८८ माजी युद्धकैदीही भारतात आले. त्यांना उत्तरेकडे परतायचे नव्हते, दक्षिणेकडे वा तैवानलाही जायचे नव्हते. पुढे बहुतेक जण दक्षिण अमेरिकेत गेले, मोजके भारतातच राहिले. पहारेकऱ्यांची कामगिरी संपली होती. ज्यांच्यावर पहारा होता, त्यांना घर अजून शोधायचे होते.